प्रतिकृती ऐकताना

अमेरिकेतल्या हॉवर्ड डम्बलने गिटारचे अ‍ॅम्प मोजकेच बांधले, बरेचसे त्या-त्या वादकाचं वाजवणं ऐकून जुळवलेले. सर्किट कुणी उतरवू नये म्हणून तो त्यावर इपॉक्सी ओतायचा. आज मूळ अ‍ॅम्पची किंमत लाख डॉलरच्या वर जाते, त्यामुळे प्रतिकृती खपणारच. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण सर्किट उतरवलं, तरी डम्बलचे कान कुठून आणणार?

१९६२च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बासमनची नक्कल झाली. स्पीकर आणि काही सुटे भाग वेगळे होते, म्हणून आवाज बदलला. त्याच बदललेल्या आवाजावर पुढे रॉक उभं राहिलं. हुबेहूब डम्बल म्हणून विकले जाणारे अ‍ॅम्प नेमकी हीच वाट बंद करतात, ही माझी तक्रार आहे.