ओर्तांचा वाडा आणि दाभोळ

दाभोळची अंडा मशीद पाहताना आम्हांस मुंबईचा एक वाडा आठवतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. त्यांच्या वाड्याभोवतीच पुढे इंग्रजांचा किल्ला उठला. वारसा म्हणून वाड्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. ज्या दर्यावर्दी सत्तेच्या बळावर तो उभा राहिला, तिच्याच आल्मेदाने १५०८ च्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळले. आणि वाड्याचे धनी? १५६३ मध्ये गोव्यात औषधींवरील ग्रंथ छापणाऱ्या ओर्तांच्या अस्थी, ते गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत असा ठपका ठेवून, इन्क्विझिशनने १५८० मध्ये उकरून जाळल्या. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो. तरीही नौदलाच्या आवारातील त्या अवशेषांविषयी लिहिणाऱ्याने ही दोन्ही साले वगळू नयेत.