‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ : विलंबित लय आणि शोक

स्वीडनमधील ‘कँडलमास’ या वाद्यवृंदाची ही ध्वनिमुद्रिका १९८६ साली निघाली. तिचे नाव लॅटिन भासते. वस्तुतः ते लॅटिनचे सोंग आहे. विलंबित लय म्हणताच आपणांस ख्याल आठवतो. परंतु तेथे संथपणा रागविस्तारास अवकाश देतो, येथे एकच स्वरखंड विद्युत्‌गिटारवर पुनःपुन्हा आदळून भार वाढवितो. ‘सॉलिट्यूड’च्या आरंभी संथ गिटारच्या साथीने मरणेच्छा बोलली जाते, तेव्हा शोक खरा वाटतो. ‘डीमन्स गेट’ मात्र नऊ मिनिटे चालूनही नाटकीच राहते. मग गांभीर्य केवळ लयीतून आले नाही. लेइफ एडलिंग यांच्या रचनांना ते युहान लेंगक्विस्ट यांच्या कंठाने दिले. हे गायक त्या वेळी केवळ ध्वनिमुद्रणापुरतेच आले होते. वृंदाने त्यांस २०१८ साली परत बोलाविले.