थांबलेल्या ट्रकची भाषा

ट्रकवाल्यांच्या इंग्रजीबद्दल कुणी हौसेनं लिहायला बसलं की पहिल्या दोन परिच्छेदांत अस्वल येतंच. हायवे पोलीस म्हणजे ‘स्मोकी’ किंवा नुसतं ‘बेअर’. वजनकाटा म्हणजे ‘चिकन कूप’, अर्थात कोंबड्यांचं खुराडं. फाटलेल्या टायरची रस्त्यात पडलेली साल म्हणजे ‘ॲलिगेटर’. अशा याद्या वाचायला मजा येते, मलाही येते. त्यांच्या जोरावर ‘ही रस्त्यावरच्या कष्टकऱ्यांची अस्सल बोली’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून घ्यायला हवा.

ही बोली जगभर पोचली ती 1970च्या दशकात. 1973च्या तेलसंकटानंतर अमेरिकेनं देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा लावली. मैलांवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरच्या ती सरळ पोटावर आली. पोलीस कुठे लपलेत, डिझेल कुठे मिळतंय, हे एकमेकांना सांगायला सीबी रेडिओ कामाला आला आणि त्यावर ही भाषा फोफावली. पण तिचे तुकडे कुठून आले ते बघा. ‘टेन-फोर’सारखे आकडे मुळात पोलिसांच्याच वायरलेसवरचे. ‘स्मोकी’ हे 1944 साली जंगलातल्या वणव्यांविरुद्धच्या सरकारी जाहिरातीसाठी काढलेलं अस्वल. त्याची टोपी आणि हायवे पोलिसांची टोपी सारखी, म्हणून ते नाव पोलिसांना चिकटलं. आणि ही भाषा ज्या गाण्यानं घरोघरी नेली ते ‘कॉन्व्हॉय’ म्हणणारा सी. डब्ल्यू. मॅकॉल ट्रक ड्रायव्हर नव्हताच. तो होता ओमाहाच्या जाहिरात एजन्सीतला बिल फ्राइस. मॅकॉल हे पात्रच त्यानं पावाच्या एका ब्रँडच्या जाहिरातींसाठी रचलं होतं. जानेवारी 1976मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

यावरून ‘सगळं बनावट’ असं मला म्हणायचं नाही. बोली उसनवारीवरच चालतात आणि ड्रायव्हर हे शब्द खरोखर वापरत होतेच. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. फ्राइसनं या भाषेतून पळण्याचे शब्द उचलले: वेग, पोलीस, नाकं तोडणं, ताफा. 1978मध्ये सॅम पेकिनपानं त्याच गाण्यावरून चित्रपट केला. क्रिस क्रिस्टॉफरसनचा ‘रबर डक’ रुबाबदार आहे, धुळीतले ट्रक तर पेकिनपानं फार देखणे टिपलेत. पण हा ताफा नेमका कशासाठी निघालाय, याचं धड उत्तर चित्रपटाकडे नाही. माल कुणाचा, कुठे उतरवायचा, भाडं किती, यातलं काही मनावर ठसत नाही.

शिवाय ही प्राण्यांची भाषा दिसते तेवढी निरागस नाही. ट्रक थांबतात त्या तळांवर धंदा करणाऱ्या बायकांना त्याच बोलीत ‘लॉट लिझर्ड’ म्हणतात. लॉटमधल्या पाली. अस्वल आणि मगर रंगवून सांगणारे लोक या शब्दावर एक तर गप्प बसतात किंवा हसतात. बोली कष्टकऱ्यांची आहे म्हणून ती आपोआप दयाळू होत नाही.

मला जास्त रस आहे तो त्याखालच्या जुन्या थरात. तिथे अजून घोडे बांधलेले आहेत. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचं नाव ‘टीमस्टर्स’, म्हणजे जनावरांची जोडी हाकणारे. तिच्या बोधचिन्हात आजही दोन घोड्यांची तोंडं आहेत. ट्रेलर ज्या जाडजूड तबकडीवर टेकतो आणि वळतो, ते ‘फिफ्थ व्हील’ घोडागाडीतून आलं. डॅशबोर्ड म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. (आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर डॅशबोर्डकडे बघत बसतो, चिखल आमच्यापर्यंत येत नाही.) खुद्द ‘ड्राइव्ह’ म्हणजे हाकणं. मराठीनं बैलगाडी हाकली आणि मोटार ‘चालवली’. इंग्रजी माणूस अजून हाकतोच आहे.

याच थरात आपल्याकडून गेलेला एक शब्द आहे. ब्रिटनमध्ये अवाढव्य लॉरीला ‘जगरनॉट’ म्हणतात. तो पुरीचा जगन्नाथ. भाविक रथाच्या चाकांखाली स्वतःला झोकून देतात, अशी रंगवलेली वर्णनं युरोपीय प्रवाशांनी नेली आणि त्यातून ‘समोर येईल ते चिरडत जाणारी आंधळी शक्ती’ हा अर्थ रुजला. पुरीचा रथ हजारो माणसं दोर धरून ओढतात. इंग्रजी शब्दात दोर गेला, ओढणारे गेले, फक्त चाक उरलं. गावातल्या अरुंद रस्त्यावरून जाणाऱ्या लॉरीवर वैतागणाऱ्याला हा शब्द सोयीचा आहे, कारण त्यात माणूसच नाही. स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’मध्ये (1971) हाच अर्थ पडद्यावर येतो. तिथल्या गंजक्या टँकरच्या ड्रायव्हरचा हात दिसतो, बूट दिसतात, चेहरा कधीच दिसत नाही. भयपट म्हणून ती युक्ती अचूक आहे. तिच्यामुळे आपण दीड तास कारवाल्याच्या बाजूनं भीत राहतो, हेही तितकंच खरं.

म्हणजे एकीकडे रुबाबदार चेहरा, दुसरीकडे चेहराच नाही. दोन्हीकडे ट्रक पळतोय. प्रत्यक्षात या धंद्याचा फार मोठा भाग थांबण्यात जातो, आणि थांबण्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो ना गाण्यात येतो ना हौशी याद्यांत: ‘डिटेन्शन’. गोदामाच्या धक्क्यावर माल भरायला किंवा उतरवायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर तो डिटेन्शन. पहिले दोन तास फुकट, असा सर्वसाधारण रिवाज. त्यानंतरचे पैसे मिळाले तर मिळाले. मैलांवर मजुरी ठरलेल्या माणसाला उभ्या ट्रकचे मैल शून्य असतात. अमेरिकेच्या 1938च्या कामगार कायद्यातली ओव्हरटाइमची तरतूदही राज्याबाहेर माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना सहसा लागू होत नाही.

मी ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यात अमेरिकी ड्रायव्हरचा दिवस चार शब्दांत बसवलेला असतो: ऑफ ड्यूटी, स्लीपर बर्थ, ड्रायव्हिंग, ऑन ड्यूटी नॉट ड्रायव्हिंग. डिसेंबर 2017पासून ही नोंद बहुतेक ट्रकांत इलेक्ट्रॉनिक यंत्रानं करणं सक्तीचं झालं. दिवस सुरू झाला की चौदा तासांचं घड्याळ लागतं, त्यातले अकराच गाडी चालवायचे. धक्क्यावर पाच तास गेले तरी ते घड्याळ सहसा थांबत नाही. चार पर्यायांत ‘वाट बघतोय’ हा पर्याय नाही. चौथ्याचं नावच बघा: काम चालू, पण चालवत नाही. नकारातून केलेलं नाव.

‘डिटेन्शन’ हा शाळेतला आणि कोठडीतलाही शब्द. अडकवलं गेलंय हे तो सांगतो. कुणाचं काय गेलं, ते सांगत नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘खोटी’ आहे. माझी खोटी झाली, माझ्या कामाची खोटी केलीस. यात षष्ठी आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि ‘केलीस’ म्हटलं की समोरचा माणूसही हजर होतो. डिटेन्शन बिलावर लिहिता येतं, खोटी तोंडावर सांगावी लागते.

ही खोटी मला सापडली ती एका जुन्या चित्रपटात. फ्रेझ्नोत वाढलेल्या ए. आय. बेझेरिडिसनं ट्रकवाल्यांवर आधी ‘लाँग हॉल’ (1938) ही कादंबरी लिहिली होती. ‘थीव्ज मार्केट’ या पुढच्या कादंबरीवरून जूल्स दासाँनं 1949मध्ये ‘थीव्ज हायवे’ केला, पटकथा बेझेरिडिसचीच. निक हा तरुण सफरचंदांचा ट्रक घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडईत पोचतो. वाटेत जॅक सरकून ट्रक त्याच्या मानेवर आलेला आहे. तो वाचला, पण जखम अजून ओली आहे. मंडईतला दलाल फिग्लिया त्याचा टायर कापायला लावतो. ट्रक जागेवरून हलत नाही, रस्ता अडतो, आणि ‘वाट मोकळी करायची’ म्हणून माल उतरवला जातो. पुढची सगळी लूट त्या उभ्या ट्रकमधून सुरू होते. तिकडे निकचा जोडीदार एड रस्त्यात मरतो आणि त्याची सफरचंदं उतारावरून घरंगळत जातात. फिग्लिया तीही गोळा करून आणायची सोय करतो.

या चित्रपटात सीबी नाही, अस्वल नाही, टोपणनावांचा थाट नाही. बोलणं पेटीच्या भावाचं, मालाच्या रंगाचं, पैसे रोख की चेक याचं. शेवट मला पचत नाही: पोलीस येऊन ‘कायदा हातात घेऊ नका’ छाप प्रवचन देतात आणि निक-रिका लग्न करायला निघतात. पण त्याआधी मंडईच्या तोंडाशी टायर बसलेला तो ट्रक बराच वेळ तसाच उभा असतो, आणि आत फिग्लिया ताज्या मालाचा भाव पाडत असतो.