ठाण्यास उतरलेले दोन प्रवासी

यात्रेहून परतलेल्या आपल्या कुटुंबांच्या पिशव्यांत छायाचित्रे पुष्कळ असतात. तिथल्या एखाद्या माणसाची ओळख मात्र क्वचितच. अशा वाचकांनी फ्रान्सिस्कन धर्मबंधू ओडोरिक यांचे प्रवासवर्णन अवश्य वाचावे. १३३० साली पादुआ येथे त्यांनी ते तोंडी सांगून लिहविले.

होर्मुझहून २८ दिवसांचा जलप्रवास करून १३२२ च्या सुमारास ते ठाण्यास उतरले. कुत्र्याएवढे उंदीर, कबुतराएवढी वटवाघळे असा नवलाईचा मजकूर (त्या काळचा कॅमेराच तो!) ते चटकन उरकतात. त्यांचे निवेदन रेंगाळते ते १३२१ मध्ये ठाण्यात रक्तसाक्षी झालेल्या चार फ्रान्सिस्कनांपाशी. त्यांच्या अस्थी वस्त्रात गुंडाळून, रात्री उशाशी घेऊन, ओडोरिकांनी त्या चीनमधील झैतूनच्या मठापर्यंत नेल्या. या प्रवासाला वजन आहे ते त्या ओझ्याचे.

तथापि ग्रंथाची उणीव झाकता येत नाही. येथील लोक मूर्तिपूजक, एवढ्यावर त्यांची बोळवण होते. कल्याणजवळचे अंबरनाथचे देवालय १०६० पासून उभे होते. त्याचा उल्लेखही नाही. केवळ संथ चालल्याने माणसे दिसत नाहीत.

त्याच रक्तसाक्षींना मूठमाती देणारे डोमिनिकन जोर्दानूस मात्र या किनाऱ्यावर राहिले. त्यांच्याही पुस्तकात अजब प्राणी आहेत. परंतु हे लोक खाण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आहेत, अशी नोंद त्यांनी केली. आणि एक फणस पाच जणांना पुरतो, हेही लिहून ठेवले.

फादर