‘जिवंत जीवाश्म’: एक अडचणीचा शब्द

जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. मग तो जिवंत कसा? वर्गात कोणी हे विचारले तर त्याला शाबासकीच द्यावी. डार्विनने १८५९ साली हा शब्दप्रयोग प्लॅटिपस व फुप्फुसमासा यांच्या संदर्भात केला. स्पर्धा कमी असलेल्या जागी तगून राहिलेले जीव, एवढाच त्याचा आशय होता. पुढे त्याला ‘उत्क्रांती थांबलेला प्राणी’ असा अर्थ चिकटला, आणि घोटाळा झाला.

सीलाकांथ माशाचेच पाहा. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानलेला हा गट १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत आढळला. पण जाळ्यात आला तो जीवाश्मातला ‘तोच’ मासा नव्हे! आजच्या लॅटिमेरिया प्रजातीचा एकही जीवाश्म मिळालेला नाही. तिचा जुना नातेवाईक मॅक्रोपोमा सुमारे अर्ध्या मीटरचा. ही दीड-दोन मीटर भरते. ठेवण फारशी न बदलणे वेगळे, बदल थांबणे वेगळे.

‘अवशिष्ट जीव’ हा शब्द मला बरा वाटतो. आंत्रपुच्छासारख्या ‘अवशेषांगां’शी त्याची गल्लत होईल, हे खरे. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून मुलांनाच फरक विचारावा.