कोशाचे मौन आणि निगामी भाषा

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आता शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय कोशसंग्रहात उपलब्ध आहे. त्यात शब्द शोधणे सुकर झाले. कोशाला प्रश्न विचारणे मात्र निराळे. नोंदींची घडण सारखी नाही. एका नोंदीत लिंग, मूळ, अर्थ आणि म्हणी असतात, तर दुसरीत केवळ अर्थ. अशी अर्धसंरचित सामग्री कोष्टकात बसविली, तर निम्मे रकाने रिते राहतात.

किफर, लाउसेन व वू यांनी १९९५ मध्ये सविस्तर मांडलेली एफ-लॉजिक ही निगामी, वस्तुकेंद्री भाषा आणि फ्रायबुर्ग येथे तिच्यावर उभारलेली फ्लोरिड ही प्रणाली येथे उपयोगी पडते. (‘वस्तुनिष्ठ’ म्हणू नये, तो शब्द आधीच गुंतलेला आहे.) या भाषेत गुणधर्माच्या नावाच्या जागीही चल ठेवता येतो. त्यामुळे ‘या नोंदीत कोणकोणते गुणधर्म आहेत?’ हेच आधी विचारता येते. वारशाची सोयही वैयाकरणास ओळखीची वाटेल. आकारान्त पुल्लिंगी नामांच्या वर्गाला ‘अनेकवचनी एकारान्त’ हा नियम दिला की ‘घोडा’चे ‘घोडे’ आपोआप होते. ‘काका’च्या ठायी स्वतंत्र मूल्य नोंदविले की ते वारशाने आलेल्या मूल्यास बाधते. उत्सर्ग-अपवादाचा हा व्यवहार आपल्या परंपरेला नवा नाही.

अडचण निषेधाची आहे. या भाषेत नकार वापरताना जे सिद्ध होत नाही ते असत्य मानले जाते. ‘ज्या नोंदीत संस्कृत, फारसी, अरबी इत्यादी मूळ दर्शविलेले नाही तो शब्द देशी’ असा नियम कोणी लिहिला, तर क्षणात देशी शब्दांची लांबलचक यादी हाती येईल, आणि ती विश्वसनीय नसेल. मूळचिन्हाचा अभाव म्हणजे शब्द देशी असणे, कोशकारास मूळ न उमगणे, किंवा संगणकात उतरविताना चिन्ह गळणे. या तीन गोष्टी यंत्राला एकच भासतात. तर्काची चूक नाही, पण भाषेच्या इतिहासाविषयी खोटे विधान मात्र घडते.

उपाय आहे. मूळ तपासले व ठरले नाही, मूळ तपासलेच नाही, असे भेद प्रत्येक नोंदीत स्पष्ट नोंदवावेत. पण ते करावयाचे तर एकेक नोंद माणसाने वाचली पाहिजे, आणि आधी आराखडा ठरविला पाहिजे. हे श्रम वाचविण्याचे आश्वासन घेऊनच तर ही भाषा आपल्यापुढे आली होती.