शितं, भात आणि चोवीस बिट

प्रत्येक धंद्याची एक भाषा असते, आणि ती गिऱ्हाइकाला कळू नये अशी त्यात साधारण सोय असते. डॉक्टरांचं अक्षर आणि वकिलांचं मराठी यांच्यापुढे आपण मुकाट्याने मान तुकवतोच. आवाजाचे आकडे करणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे डिजिटल कन्व्हर्टरच्या, दुनियेतले शब्द मात्र मी जरा उलटेपालटे करून पाहिले. मुळात ते फार सज्जन आहेत हो! त्यांना संगत वाईट लागली, एवढंच.

'सॅम्पलिंग' घ्या. ही आपल्या आजीचीच शितावरून भाताची परीक्षा. आजी एक शीत चेपायची. सीडी सेकंदाला ४४,१०० शितं चेपते. हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. सीडी बाजारात आली १९८२ साली. त्याआधी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. दर रेघेत ३ नमुने, रेघा २४५, आणि सेकंदाला ६० खेपा. करा गुणाकार! साक्षात नादब्रह्माचं माप ठरलं ते टीव्हीच्या रेघांवरून.

माणसाच्या कानाची धाव फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत. पन्नाशीनंतर तीही पेन्शनीत निघते. नायक्विस्टच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की ऐकायच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त नमुने घेतलेत तर मूळ लहर जशीच्या तशी परत मिळते. नाही घेतलेत तर 'एलियसिंग'. म्हणजे शुद्ध मराठीत 'उर्फ'. ३०,०००चा सूर चोरपावलांनी आत शिरतो आणि १४,१०० हे टोपणनाव लावून राजरोस वावरतो. म्हणून दारात फिल्टर नावाचा हवालदार उभा करावा लागतो.

माझा सर्वांत लाडका शब्द 'डिदर'. यात आवाजात मुद्दाम किंचित खरखर मिसळतात. ऐकायला वेडेपणा वाटतो; पण त्यामुळे तंबोऱ्याची विरत जाणारी तार शेवटच्या आकड्यांशी ठेचकाळत नाही, शांतपणे शांततेत मिसळते. थोडा दोष पत्करून मोठा दोष टाळायचा. संसारी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

मग बिघडलं कुठे? 'बिट'मध्ये. १६ बिट म्हणजे आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या, २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६. विक्रेता २४ हा आकडा असा उच्चारतो की गिऱ्हाइकाला आपण सराफाच्या दुकानात उभे आहोत असं वाटावं. जोडीला जाहिरातीत जिन्याचं चित्र: जुन्या आवाजाला ओबडधोबड पायऱ्या, नव्याला गुळगुळीत उतार. हे चित्र साफ खोटं आहे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी लहर दोन्हीकडे गुळगुळीतच असते. बिट कमी असले तर तळाची खरखर वाढते, इतकंच. आणि १६ बिटांतही ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असते. आपल्या दिवाणखान्यातला पंखा तिला केव्हाच गिळून बसलेला असतो.

२००७ साली मेयर आणि मोरान यांनी एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. भारी तबकडीचा आवाज थेट, आणि तोच सीडीच्या मापातून गाळून. ओळखा कोणता कोणता. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती! २०१६ साली अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कसलेले कान नाण्यापेक्षा थोडे सरस ठरले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण थोडेच.

याचा अर्थ २४ बिट ही थाप आहे असं मुळीच नाही. गायक ऐनवेळी किती चढेल हे ध्वनिमुद्रकाला ठाऊक नसतं. त्याला ती ऐसपैस जागा हवीच. जुन्या, झिजत चाललेल्या टेपा उतरवून घेतानाही हवी, कारण काही टेपा दुसऱ्यांदा वाजण्याइतक्या जगत नाहीत. तिथे काटकसर म्हणजे पाप. पण स्वयंपाकघरातली परात मोठी असावी म्हणून जेवणाऱ्यानेही परातीत जेवावं, हे कुठलं शास्त्र?

माझी तक्रार पैशाची नाही. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण हे आकडे डोक्यात शिरले की भला माणूस भैरवी ऐकता ऐकता मध्येच यंत्राची तबकडी न्याहाळतो आणि 'यात काहीतरी कमी वाटतंय' म्हणतो. कमी असतं ते त्याचं लक्ष. आणि ते वाढवणारा कन्व्हर्टर अजून कुणी विकायला काढलेला नाही.